न मोजलेले डाव

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जूनला येतो. माझ्या दोन्ही काकांचाही १ जूनलाच येतो, आणि आमच्या वाड्यात पूर्वी राहणारे पोस्टमास्तर, समोरचे किराणावाले आणि माझ्या सासऱ्यांचे थोरले बंधू हे सारेही त्याच दिवशी जन्मले. निदान कागदोपत्री तरी. ज्यांची वडीलमाणसे खेड्यातल्या शाळेत शिकली त्यांना यातले इंगित सांगायला नको. पोराला शाळेत घालायला आणले की मास्तर त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. हात पोचला की सहा वर्षे पुरी! आता जन्मतारीख? आईला विचारावे तर ती सांगणार, "विहिरीला पाणी लागलं त्या साली, पोळ्याच्या आगेमागे." मास्तरांच्या रजिस्टरात विहिरीसाठी रकाना नसे. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा १ जून लिहून ते मोकळे होत. त्या एका फटकाऱ्याने माणूस कधी जन्मला एवढेच नव्हे, तर तो निवृत्त कधी होणार हेही ठरून जाई. दर ३१ मेला आपल्या सरकारी कचेऱ्यांतून हारतुऱ्यांचा आणि बटाटेवड्यांचा जो महापूर लोटतो, तो या मास्तरांच्या कृपेने.

हे सगळे आठवायला कारण झाले एक अमेरिकन गृहस्थ. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्रात एक लहानशी बातमी होती. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च संघटनेने आपल्या जुन्या नोंदवह्या दुरुस्त केल्या होत्या, आणि त्या दुरुस्तीत सॅचेल पेज नावाच्या खेळाडूच्या खात्यावरचे विजय २८ वरून १२५ झाले होते. आता हे पेजसाहेब १९८२ सालीच वारलेले. मेल्यावर बेचाळीस वर्षांनी माणूस एका दिवसात सत्त्याण्णव सामने जिंकतो हा काय चमत्कार आहे, म्हणून मी चष्मा पुसून बातमी पुन्हा वाचली.

मी मराठीचा मास्तर. खेळाशी माझा संबंध महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात लिंबूचमच्याच्या शर्यतीला पंच म्हणून उभे राहण्यापुरता. पण मुकुंदराज आधी की ज्ञानेश्वर आधी, नामदेव एक की अनेक, या वादांत आम्हा मंडळींची अर्धी हयात जाते. कोणाच्या नावावर काय मांडायचे आणि कोणत्या सालात, हा प्रश्न दिसला की आमचे कान आपोआप टवकारतात. त्या बातमीचा पाठपुरावा करता करता माझी उन्हाळ्याची सुट्टी कशी संपली ते कळलेही नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मात्र तसाच राहिला.

ज्यांना बेसबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो आणि चेंडूला टप्पा देतो. बेसबॉलचा पिचर मातीच्या एका उंचवट्यावर जागीच उभा राहतो आणि साडेसाठ फुटांवरच्या बॅटरकडे चेंडू टप्प्याशिवाय थेट फेकतो. बॅटरच्या पायाशी सतरा इंच रुंदीची एक पांढरी रबरी लादी असते. चेंडू तिच्यावरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून गेला पाहिजे. तीनदा हुकला की बॅटर बाद. ताशी नव्वद मैलांनी सुटलेल्या चेंडूला हे अंतर कापायला अर्धा सेकंदही लागत नाही. पण त्या अर्ध्या सेकंदासाठी खांदा आणि कोपर यांना जो हिसका बसतो तो देवाने मानवी हाताचा नकाशा काढताना हिशेबात धरलेला नसावा. म्हणून सामना सुरू करणाऱ्या पिचरला एकदा खेळवला की चारपाच दिवस विश्रांती देतात, आणि पस्तिशी उलटली की तो बिचारा दुसऱ्या धंद्याचा विचार करू लागतो. सॅचेल पेजला मोठ्या लीगमध्ये पहिली नोकरी मिळाली ती बेचाळिसाव्या वर्षी.

त्याचा जन्म अलाबामा राज्यातल्या मोबिल या बंदराच्या गावचा. बाप माळीकाम करी, आई लोकांची धुणी धुई, आणि घरात डझनभर मुले. लीरॉय हे पाळण्यातले नाव. 'सॅचेल' म्हणजे हातातली बॅग. लहानपणी स्टेशनवर उतारूंच्या बॅगा वाहताना या पोराने एका काठीला दोऱ्या बांधून एका खेपेत चारचार बॅगा न्यायची युक्ती काढली, तेव्हापासून हे नाव पडले असे तो स्वतः सांगे. बॅग पळवताना सापडला म्हणून पडले, असे त्याचा एक बालमित्र सांगे. दोन्ही गोष्टी खऱ्या असायला हरकत नाही. जन्मतारखेचे काय, असे कोणी विचारले की त्याचे उत्तर ठरलेले: घरच्या बायबलात लिहून ठेवली होती, ते पान बकरीने खाल्ले! हे वाचताना मला आमच्या त्या विहिरीची आठवण झाली. पुढे गावच्या दप्तरात दाखला मिळाला. त्यात ७ जुलै १९०६ अशी स्वच्छ नोंद आहे. पण तारीख सापडल्यावरही पेज बकरीचीच गोष्ट सांगत राहिला, कारण ती ऐकायला लोक पैसे देत.

बारा वर्षांचा असताना, १९१८ साली, दुकानातल्या किरकोळ वस्तू चोरल्या आणि शाळा बुडवली या अपराधाबद्दल त्याला सुधारगृहात पाठवले. तिथे त्याची पाच वर्षे गेली. तिथल्या एडवर्ड बर्ड नावाच्या शिक्षकाने या लांब, काटकुळ्या पोराला चेंडू फेकायला शिकवले. डावा पाय इतका उंच उचलायचा की बॅटरला समोर बुटाचा तळवाच दिसावा, आणि त्या तळव्यामागून चेंडू केव्हा सुटला ते त्याला कळूच नये. पुढे पेज गमतीने म्हणे की पाच वर्षांच्या स्वातंत्र्याच्या मोबदल्यात आपण पिचिंग विकत घेतले.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात विद्या होती, पण तिला दार नव्हते. १८८० च्या दशकापासून मोठ्या लीगमध्ये काळ्या माणसाला घेत नसत. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांच्या आपसातल्या समजुतीचे काम होते. (लेखी नियमाविरुद्ध निदान कोर्टात जाता येते.) म्हणून काळ्यांनी आपली वेगळी दुनिया उभी केली. १९२० साली कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर याने निग्रो नॅशनल लीग स्थापन केली, आणि त्या दुनियेत पेज १९२६ साली चॅटनूगा गावच्या संघातून शिरला. तिथून बर्मिंगहॅम, तिथून पिट्सबर्ग. थोड्याच वर्षांत त्याचे नाव असे झाले की मालक त्याला एकेका दिवसापुरता दुसऱ्या संघांना भाड्याने देऊ लागले. आपल्याकडे नाटकमंडळ्यांत एखाद्या नटाच्या नावावर तिकीटविक्री होई, तसा प्रकार.

आणि तो नटच होता. काडेपेटी लादीवर ठेवून तिच्यावरून एकामागून एक चेंडू काढून दाखवावेत, आपल्या चेंडूंना चित्रविचित्र नावे ठेवावीत, मध्येच बाहेरच्या क्षेत्ररक्षकांना जवळ बोलावून खाली बसवावे आणि म्हणावे, आता तुमचे काम नाही. मग समोरच्या बॅटरला तीन चेंडूंत घरी पाठवावे! १९४२ च्या अंतिम मालिकेत त्याने जॉश गिब्सन या त्या दुनियेतल्या सर्वांत बलाढ्य फलंदाजासमोर मुद्दाम मैदान भरू दिले आणि मग त्याला बाद केले, ही गोष्ट अमेरिकेत पोवाड्यासारखी सांगतात. त्या दिवशीच्या वृत्तांताशी तिचे सगळे तपशील जुळत नाहीत असे संशोधक म्हणतात. गिब्सन बाद झाला एवढे मात्र खरे.

त्याच्या कीर्तीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे, नाहीतर हे चरित्र न होता आरती होईल. माणूस शब्दाचा पक्का नव्हता. करार एकाशी करावा आणि हंगामाच्या मध्यावर जास्त पैसे देणाऱ्याकडे निघून जावे, सामन्याला उशिरा यावे, मोटार बेफाम हाकावी. १९३७ साली डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो याच्या नावाच्या राजधानीच्या संघाकडून खेळायला तो स्वतः गेलाच, पण सोबत पिट्सबर्गचे आणखी मोहरेही घेऊन गेला. तिथे शिपायांच्या बंदुकांच्या पहाऱ्यात ती मंडळी खेळली आणि जिंकलीही. मागे राहिलेल्या संघाचे कंबरडे मोडले. पेजला लोभी म्हणणारे पुष्कळ होते. मला वाटते, ज्याला उद्याची हमी कोणीच देत नाही तो आजचा भाव वाढवून मागणार. त्याला लोभ म्हणायचे असेल तर म्हणावे.

या भटकंतीत १९३३ आणि १९३५ साली तो उत्तरेकडच्या बिस्मार्क या लहानशा गावी खेळला. तिथल्या मोटारी विकणाऱ्या नील चर्चिलने काळे आणि गोरे एकाच संघात खेळवण्याचे धाडस केले होते. त्या संघाने १९३५ साली विचिटा येथे देशातली मोठी हौशी स्पर्धा जिंकली. गाव पेजला डोक्यावर घेऊन नाचले. पण त्याला आणि त्याच्या बायकोला राहायला घर कोणी भाड्याने देईना. ती दोघे रेल्वेच्या मालडब्यात संसार मांडून राहिली.

या ठिकाणी मराठी वाचकाला पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहणार नाही. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या मैदानावर खेळपट्टी राखता राखता डावखुरी फिरकी शिकलेला हा चर्मकार समाजातला गोलंदाज हिंदूंच्या संघाला सामने जिंकून देई, आणि चहाची वेळ झाली की त्याचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून येई. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी कर्णधारपद काही त्याला मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. पण बाळूचे बळी निदान त्या काळच्या वह्यांत लिहिले तरी गेले. पेजच्या वाट्याला तेही आले नाही. काळ्यांच्या संघांचे सामने आज इथे, उद्या तिथे. कधी दिवसाला दोनदोन, कधी गावाच्या जत्रेत. गुण लिहिणारा मनुष्य असला तर असला. गोऱ्यांची वर्तमानपत्रे ते छापीत नसत, आणि काळ्यांच्या साप्ताहिकांना सगळीकडे बातमीदार पाठवणे परवडत नसे.

१९३८ साली, बत्तिसाव्या वर्षी, मेक्सिकोत असताना त्याचा हात गेला. खांदा वर उचलेना. वैद्यांनी सांगितले, संपले. ज्यांना त्याने अडचणीत टाकले होते त्या मालकांनी दारे लावून घेतली, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? शेवटी कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाच्या विल्किन्सन या मालकाने त्याला आपल्या दुय्यम, गावोगाव हिंडणाऱ्या संघात घेतले. त्याचे नाव भिंतीवर रंगवायचे, लोकांनी त्याला बघायला यायचे, आणि त्याने एकदोन डाव कसेबसे चेंडू टाकायचे. एके काळचा गंधर्व तोंडाला रंग लावून नुसता रंगमंचावर उभा! १९३९ च्या सुमारास, कसे ते कोणालाच सांगता आले नाही, हात पुन्हा बोलू लागला. पहिला वेग आता नव्हता, पण डोके होते. मग पेज आणखी कितीतरी वर्षे मोनार्क्सचा मुख्य आधार बनून राहिला.

मग १९४५ साल आले. ब्रुकलिनच्या संघाचे ब्रँच रिकी यांनी रंगाची भिंत फोडायचे ठरवले आणि त्यासाठी याच मोनार्क्समधला एक तरुण निवडला, जॅकी रॉबिन्सन. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये उतरला. निवड योग्यच होती. शिकलेला, संयमी, अठ्ठावीस वर्षांचा माणूस हवा होता, आणि पेज यांपैकी काहीच नव्हता. तरी वीस वर्षे ज्याने त्या दारावर धक्के मारले, त्याला शेजारून दुसऱ्या कोणाला आत घेतलेले पाहावे लागले. ते दुःख पेजने पुढे आपल्या आत्मकथनात लपवलेले नाही.

दुसऱ्या वर्षी, ७ जुलै १९४८ रोजी, म्हणजे बरोबर बेचाळिसाव्या वाढदिवशी, क्लीव्हलंडच्या बिल व्हीक या विक्षिप्त मालकाने त्याला करारबद्ध केले. खेळाच्या सर्वांत वजनदार साप्ताहिकाच्या संपादकांनी अग्रलेख लिहून झोड उठवली की हा गर्दी जमवायचा तमाशा आहे आणि खेळाची प्रतिष्ठा धुळीला मिळाली. मग ऑगस्ट उजाडला. पेजने सुरू केलेले तीन सामने बघायला एकूण २,०१,८२९ माणसे आली. त्यांतल्या दोन सामन्यांत त्याने शिकागोला एकही धाव दिली नाही. हंगामाअखेर त्याच्या नावावर सहा विजय आणि एक हार होती, आणि क्लीव्हलंडने त्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले. अंतिम मालिकेत पेजला दोन गडी बाद करण्यापुरतेच उतरवले, पण त्या मालिकेत चेंडू टाकणारा तो पहिला काळा पिचर ठरला. त्या संपादकमहाशयांनी नंतर काय लिहिले ते शोधण्याची इच्छा मला झाली नाही.

त्यानंतरची वर्षे मी भराभर सांगतो. १९५१ पासून सेंट लुईसच्या दुबळ्या संघात तीन हंगाम. व्हीकने त्याच्यासाठी मैदानाच्या कडेला डुलती खुर्ची ठेवली होती. १९५२ आणि १९५३ साली निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, दुसऱ्या वेळी वय सत्तेचाळीस. मग पुन्हा खालच्या लीगा, पुन्हा गावोगाव.

आता पेन्शनची गोष्ट. मोठ्या लीगमध्ये ठराविक काळ भरला की खेळाडूला निवृत्तिवेतन मिळे. पेजने १९६८ साली हिशेब केला तेव्हा त्याला १५८ दिवस कमी पडत होते. चाळीस वर्षे चेंडू टाकलेल्या माणसाला १५८ दिवस! त्याने संघांच्या मालकांना विचारले. बऱ्याच जणांनी तोंड फिरवले. अटलांटाच्या संघाने त्याला पगारपत्रकावर घेतले, आणि त्याचे दिवस भरले.

हा मजकूर वाचताना मी थांबलो होतो, ते वाचकांनी समजून घ्यावे. कायम होण्यापूर्वी मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. सकाळी एका गावी, दुपारी एस.टी.ने दुसऱ्या गावी. जितके तास तितके पैसे, आणि दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत शून्य. त्या नऊ वर्षांतले माझे विद्यार्थी आता शिक्षक झाले आहेत, एकीने तर माझ्याआधी पीएच.डी. मिळवली. पण माझे सेवापुस्तक उघडले तर मी अडतिसाव्या वर्षी एकदम वर्गात अवतरलो असे दिसते. एकदा मी कार्यालयातल्या हेडक्लार्कना विचारले होते, की मधली नऊ वर्षे कुठे लिहायची? ते सज्जन आहेत. त्यांनी पुस्तकाची पाने पुढेमागे केली आणि म्हणाले, "सर, रकाना नाही." मी काही सॅचेल पेज नव्हे, हे मला पूर्ण ठाऊक आहे. पण ते १५८ दिवस मला परके वाटले नाहीत.

१९७१ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याला घ्यायचे ठरले. पाच वर्षांपूर्वी टेड विल्यम्स या गोऱ्या फलंदाजाने तिथेच स्वतःच्या सत्कारात पेज आणि गिब्सन यांची नावे घेऊन म्हटले होते की ही माणसे इथे असायला हवीत. मंदिराच्या विश्वस्तांनी तोड काढली ती अशी: काळ्यांच्या लीगमधल्या खेळाडूंसाठी वेगळे दालन! पुन्हा मातीचे भांडेच. वर्तमानपत्रांनी गिल्ला केला तेव्हा ते दालन मागे घेतले गेले, आणि ऑगस्टमध्ये पेज इतरांबरोबर मुख्य सभागृहात आला.

आता त्या २०२४ च्या बातमीकडे. काही चिवट माणसे वर्षानुवर्षे काळ्यांच्या जुन्या साप्ताहिकांच्या, पिट्सबर्ग कुरियर आणि शिकागो डिफेंडर यांसारख्या पत्रांच्या पिवळ्या फायली चाळत बसली होती. एकेक सामना, एकेक धावफलक. आम्ही हस्तलिखितांच्या पोथ्या जुळवतो तसेच हे काम. डिसेंबर २०२० मध्ये संघटनेने मान्य केले की १९२० ते १९४८ मधल्या काळ्यांच्या सात लीगा या मोठ्या लीगाच होत्या, आणि साडेतीन वर्षांनी ते आकडे मुख्य वहीत उतरले. ते सत्त्याण्णव विजय म्हणजे जे धावफलक सापडले त्यांतले. बिस्मार्क त्यात नाही. त्रुहियोचे बेट त्यात नाही. जत्रेतले, शेतातले, भाड्याने दिलेल्या दिवसांचे सामने त्यात नाहीत. पेज स्वतः म्हणे, मी दोन हजारांवर सामने जिंकलो. त्यात बकरीचा वाटा किती आणि खरे किती हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

एक रात्र सांगायची मुद्दाम मागे ठेवली होती. २५ सप्टेंबर १९६५. कॅन्सस सिटीच्या रखडलेल्या संघाच्या फिन्ली नावाच्या मालकाने गर्दीसाठी एकोणसाठ वर्षांच्या पेजला एका सामन्यापुरते बोलावले. पुन्हा डुलती खुर्ची, आणि पाय चेपायला पांढऱ्या पोशाखातली परिचारिका. म्हणजे थट्टेचा सगळा सरंजाम. गर्दी जेमतेम नऊ हजारांची. समोर बॉस्टनचा संघ. पेज खुर्चीतून उठला, उंचवट्यावर चढला आणि त्याने तीन डाव चेंडू टाकले. सव्वीस वर्षांच्या कार्ल यास्ट्रेम्स्कीने एकदा बरा टोला मारला. बाकी कोणालाही साधा फटका मारून तळ गाठता आला नाही, आणि धाव तर एकही झाली नाही. चौथ्या डावाच्या आरंभी तो पुन्हा उंचवट्यावर गेला, ठरल्याप्रमाणे त्याला परत बोलावले, आणि तो टाळ्यांच्या गजरात आत जाऊन कपडे उतरवू लागला. तेवढ्यात त्याला बाहेर बोलावणे आले. मैदानाचे दिवे मंद केले होते. प्रेक्षक काड्या ओढून हातात धरून उभे होते आणि एक जुने गाणे म्हणत होते.